लंडनच्या मावशीचा आहेर

शनिवार, ११ जानेवारी २०२५

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ आधी लिहिते. आयुष्यभर कोर्टात स्टेनो होते. वेळ नसलेली जबानी वकील कशी फाडून खातात ते रोज पाहिलं आहे.

स्थळ, वर्ध्यातल्या एका कॉलेजचं सभागृह. चर्चासत्राचा विषय, जागतिक प्रदर्शनांचा इतिहास आणि वारसा. वक्ती मयुरी, मूळची आर्वीची, सध्या परदेशी विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. करते. दोन वर्षं माझ्या घरी जेवली आहे. मला मावशी म्हणते. म्हणायची.

त्या मिनिटाला तिनं पडद्यावर एक फोटो लावला. हातमागावर माझे आजोबा तानबा, शेजारी सुताच्या कांड्या भरणारी आजी जयवंता, आणि आजीचा गुडघा धरून उभं एक लेकरू. लेकरू हललं असावं, चेहरा पुसट आला आहे. मयुरी माइकवर इंग्रजीत म्हणाली, १९२४च्या लंडनच्या साम्राज्य प्रदर्शनात बसवलेल्या या विणकर जोडप्याचं मूल, 'अनामिक, स्त्री', त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूमोनियानं वारलं. मग प्रदर्शनाच्या अहवालातली एक ओळ वाचली: माग एक दुपार बंद राहिल्याबद्दल प्रेक्षकांनी तक्रार केली. मागच्या रांगेत दोन प्राध्यापक हसले. इंग्रजांच्या कारभाराला हसले असतील. हसले एवढं खरं.

पहिल्या रांगेत माझी माय बसली होती. वय नव्वद, खांद्यावर नुकतीच मिळालेली सत्काराची शाल. माझ्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत हिरवी साडी. कार्यक्रम संपला की ती मयुरीच्या हाती द्यायची होती, लंडनला ने म्हणून. ज्या लेकराला ती अनामिक म्हणाली, त्याच लेकराच्या वाट्याची साडी.

तिचं नाव धुरपता. मायची थोरली बहीण. माझी मावशी.

मी उभी राहिले. "तिला नाव आहे," म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी." आणि मी बसले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, इंग्रजी आणि बस म्हटलं की बसणं. आज पहिलीनं जखम केली आणि दुसरीनं तोंड दाबलं.

ऑटोत माय म्हणाली, "काय म्हणून राह्यली वं ते पोट्टी? इंग्रजीत?"

"मावशी मेली म्हणते. तिथंच. त्याच वर्षी."

माय रस्त्याकडे पाहत म्हणाली, "थंडी असते तठी." आणि बाजाराजवळ ऑटो थांबवून तिनं तुरीच्या शेंगा घेतल्या, भावाची घासाघीस करून. धक्का बसला की माणसाचं असंच होतं.

रविवार, १२ जानेवारी

माय दुपारी नेहमीसारखी झोपली. मी नाही.

आज नीट लिहून ठेवते. पुढं कुणी विचारलं तर कागद असावा.

आजी-आजोबा पवनारजवळच्या खेड्यात लुगडी विणत. कोणी साहेब आला आणि माग, सूत, माणसं असं सगळं बोटीत घालून लंडनला घेऊन गेला. तिथं मोठं प्रदर्शन होतं. यंत्रं एका दालनात, मसाले एका दालनात, माणसं एका दालनात. बाजार समितीत कापसाचे ढीग लावतात तशी. लोक सकाळी यायचे, सगळं साम्राज्य पाहायचे आणि संध्याकाळी जेवायला घरी जायचे. मयुरी म्हणते अशी प्रदर्शनं शंभर वर्षं तरी जगभर भरत होती आणि तिथं बसवलेल्या माणसांची नावं आता कुठं शोधली जात आहेत. लवकर सुचलं.

धुरपता दोन वर्षांची होती, अंगावर पिणारी, म्हणून सोबत नेली. आजी-आजोबा परत आले ते तिच्याविना. आजी सांगायची, एका मेमसाहेबाला मूलबाळ नव्हतं, तिचा जीव जडला, ठेवून घेतलं. "बुटं घालून देते म्हणे. दूध देते कपानं." माझी माय त्यानंतर दहा वर्षांनी जन्मली, आणि मी मायनंतर एकवीस वर्षांनी. आम्ही सगळी लंडनच्या मावशीच्या गोष्टीवर वाढलो.

घरात लग्न निघालं की आहेराच्या साड्यांत एक तिची निघायची. मामीची, आत्याची, चुलतीची, आणि लंडनवालीची. माझ्या भावाच्या, प्रफुल्लच्या लग्नात निघाली, त्याच्या दोन्ही पोरींच्या लग्नात निघाली. सगळ्या मायच्या लोखंडी पेटीत आहेत, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून. नव्या सुना हसायच्या. मी कधी हसले नाही.

कारण मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं तेच मुळी तिच्यासाठी. बाबा रेल्वेत पॉइंट्समन. आमच्या वस्तीत त्या शाळेची पायरी कुणी चढलं नव्हतं. आजीनं हट्ट धरला: पोरीला इंग्रजी यायला पाहिजे, धुरपीला चिठ्ठी लिहायला. नऊ वर्षांची असताना मी पहिलं पत्र लिहिलं. 'प्रिय मावशी, तू कशी आहेस?' प्रदर्शनाच्या पत्त्यावर. मग संग्रहालयाच्या, वकिलातीच्या, वर्तमानपत्रांच्या पत्त्यावर. शाळा संपली, नोकरी लागली, सुटली, पत्रं चालू. उत्तर एकाचंही नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी दारात ही मयुरी. जीन्स, पाठीवर पिशवी, हातात झेरॉक्स. "हे पत्र तुम्ही लिहिलं का हो?" माझंच अक्षर, १९६६ सालचं. लंडनच्या कुठल्याशा दप्तरात उत्तर न दिलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात तिला सापडलं होतं. मला आयुष्यात आलेलं पहिलं उत्तर म्हणजे आर्वीची ही पोरगी. त्या दिवशी मी तिला पुरणपोळी केली होती.

मंगळवार, १४ जानेवारी

शेजारची रोशनी संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आली. गोड गोड बोला म्हणाली. मी म्हटलं, माझ्या बाबतीत तिळाची पोती लागतील.

मागोमाग मयुरी. फाटकाचं कुलूप मी काढलं नाही.

"मावशी, दार तरी उघडा."

"मॅडम म्हणायचं."

"मॅडम, मी सांगायला आली होती. डिसेंबरात तीनदा आली."

"आणि काय केलंस? जेवलीस."

"नाही जेवली."

हे मात्र खरं. तिसऱ्या वेळी मी वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली होती, ती ताटात बोट फिरवत बसली. आजकालच्या पोरींची डायटिंगची थेरं. मध्येच म्हणाली, "मावशी, समजा तुमच्या मनात आहे तसं काही निघालं नाही तर?" मी म्हटलं, काहीतरी निघेलच, आणि कोणती साडी पाठवावी म्हणून पेटीच उघडली. हिरवी की जांभळी, तिलाच विचारलं. ती उठून आंगणात गेली. फोन आला असेल.

"तीनदा येऊन जे तोंडातून निघालं नाही," मी फाटकातून म्हटलं, "ते माइक दिसल्याबरोबर बरं निघालं."

आतून माय ओरडली, "कोन आहे वं? आत बोलाव न, उन्हात काऊन उभी केली?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

गुरुवार, १६ जानेवारी

हिरवी साडी पेटीत परत ठेवलेली नाही. खुर्चीवर आहे. तिथं कुणी बसत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

नागपूरहून प्रफुल्लचा फोन. बँकेतून रिटायर झाल्यापासून माझा धाकटा भाऊ सगळ्यांना सल्ले देतो.

"ताई, हिशोब कर. जिवंत असती तरी एकशे तीन वर्षांची असती. तुले काय वाटलं होतं?"

"मला काय वाटलं होतं ते तुला कशाला?"

"नाही, म्हणजे तू अशी बसली आहे जसं कोणी काल गेलं."

फोन ठेवला. मला काय वाटलं होतं ते इथं लिहिते, इथं प्रफुल्ल येत नाही.

मावशी गेली असेल हे मलाही कळत होतं, मी वेडी नाही. पण तिचं लग्न झालं असेल. तिला एक मुलगी असेल, माझ्याच वयाची, आजीचं नाक घेतलेली. कुठल्याशा ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेली, वरिष्ठांशी भांडलेली, बहुधा माझ्यासारखीच एकटी. तिला लुगडं विणायच्या घराण्यातली आपण हे माहीत नसेल आणि थंडीत उगाच हात चोळायची सवय असेल, आजीसारखी. मी कधी टीव्हीवर लंडन दिसलं की रस्त्यावरच्या बायांची नाकं पाहायची. बातमी काय होती ते मागून कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

तिला मी नाव दिलं नव्हतं. नाव तिची आई ठेवेल, आपण कोण.

ती अकरा तारखेला, अकरा चाळीसला गेली. तिची तक्रार कुणाकडे करायची?

गुरुवार, २३ जानेवारी

मला सत्तर वर्षं फसवण्यात आलं आहे. संगनमतानं.

सकाळी आंगणात आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो, सोलेवांग्यासाठी. मी मयुरीला शिव्या देत होते. माय म्हणाली, "त्या पोट्टीले काऊन बोलतं? तिनं काय नवीन सांगतलं? मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"धुरपी गेली ते."

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. माय सोलतच होती.

"तू झाली तवाची गोष्ट. पाचवा दिवस असन. मी तुले न्हाऊ घालून राह्यलती, पाणी थोडं कोमट झालतं. बुढी, माही माय, आली अन् पाण्याचा गंज उचलून फेकला. म्हणे, थंड्या पाण्यानं माही धुरपी गेली, तठी कोनी गरम पाणी देल्लं नाई. पदरात गेली म्हणे. बुढी म्हणे, दुसऱ्या दिवशी हे मागावर बसले, अन् मी कांड्या भरल्या. लोकं पाहाले येत."

"आणि मेमसाहेब? बुटं? दूध?"

"बोटीतच ठरवलं दोघायनं. घरी सासू होती. लेकरू नेऊन मारून आणलं म्हणती तिले. मंग सांगतलं, ठेवून घेतलं म्हणून." मायनं सोललेले दाणे सुपात ओढले. "मंग सांगता सांगता बुढीलेच बरं वाटे ते. आपण काऊन मोडावं?"

मी विचारलं, आणि माझा आवाज कोर्टात कधी चढला नव्हता तेवढा चढला, "मग मला कॉन्व्हेंटमध्ये कशाला घातलं?"

"तुहा बाप म्हणे, पोरीच्या जातीले इंग्रजी कायले पाह्यजे. बुढी म्हणे, मंग धुरपीले चिठ्ठी कोन लिहीन, तू? बाप चूप बसला. त्याले खरंच वाटे न ते."

"आणि माझी पत्रं? मी लिहीत होते ती?"

"मस्त लिहाची तू. बुढीले वाचून दाखवाची न. आधी इंग्रजीत, मंग मराठीत."

"माय, ती मेलेली होती!"

"असन." माय पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "मायले वाटते न पोरी, कोनी तं इच्यारावं, कशी आहे म्हणून."

मी उठून आत आले. तेव्हापासून बोललेले नाही. एका मुलीचं बालपण, शाई आणि पोस्टाची तिकिटं एका थापेवर खर्च करण्यात आली. आजी हयात नाही म्हणून सुटली. लहानपणी पत्र वाचून झालं की ती माझा हात धरायची, शाईची बोटं आपल्या पदरानं पुसायची आणि "पुन्ना वाच" म्हणायची. मला वाटायचं तिला ऐकू कमी येतं.

सोलेवांगे मायनंच केले. तिखट झाले होते. मी जेवले, पण बोलून नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

मी आंघोळीला गेले असताना मायनं फाटक उघडलं. बाहेर येते तर मयुरी स्वयंपाकघरात पाटावर, समोर ताट, आणि जेवते आहे. चांगली तीन पोळ्या.

"मी इच्यारलं तिले भूक लागली का," माय म्हणाली. "तू कधी इच्यारतच नाई, वाढतच जातं."

मयुरीनं हात धुतले आणि सांगितलं ते असं.

तिचा लेख एका मोठ्या ग्रंथात येतो आहे. त्यात तिनं धुरपताचं नाव घातलं होतं. संपादकांनी ते खोडलं. दफनाच्या नोंदीत नाव नाही, 'विणकराचे मूल' एवढंच आहे. घरच्यांची तोंडी आठवण पुरावा म्हणून चालत नाही. जगात धुरपताचं नाव असलेला एकच जुना कागद आहे, १९६६चं माझं पत्र.

"मग झालं की," मी म्हटलं. "लावा तो पुरावा."

मयुरी म्हणाली, "त्यात तुम्ही विचारलं आहे, तू कशी आहेस. तुला किती मुलं आहेत. मोजे विणून पाठवू का. संपादक म्हणतात, हे पत्र जिवंत बाईला लिहिलेलं आहे. म्हणजे धुरपता ही मेलेली मुलगी नव्हे. दुसरी कोणी."

माझ्याच अक्षरानं मी तिला बेनाव केलं होतं.

"तुम्ही आता लिहून दिलं," मयुरी म्हणाली, "की ती गेली, अन् आजींनी तुमच्या आईला स्वतः सांगितलं होतं, तर होऊ शकते. तुमच्या दोघींच्या सह्या. एकतीस मार्चपर्यंत. मग पुस्तक छापायला जाते, मग नाही."

"पण त्या दिवशी माइक तुझ्या हातात होता," मी म्हटलं. "तिथं संपादक नव्हता. तेव्हा का नाही म्हटलंस?"

तिचं नाक लाल झालं. "घाबरली मी. पहिल्या रांगेत दोन माझे परीक्षक होते."

"पहिल्या रांगेत तिची बहीण होती."

"हो," मयुरी म्हणाली. सबब सांगितली नाही. तेवढं एक बरं केलं.

जाताना तिनं सांगितलं, ती दफनभूमी पाहून आली आहे. सार्वजनिक कबर, वर गवत, दगड नाही. जिथं माग लावला होता तिथं आता गाड्या उभ्या करतात.

लिहून देणार नाही मी. तिला मेलेली म्हणणारा कागद माझ्या हातून जाणार नाही. ज्यांनी मारली त्यांनी लिहावा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

माघ पौर्णिमा. मायनं परस्परच विहारात गेलेल्या माणसाच्या नावानं पुण्यानुमोदन सांगून ठेवलं होतं. कुणाचं ते मला सकाळी कळलं.

आणि बाहेर पडायच्या वेळी बघते तर माय जांभळी साडी नेसून उभी. पेटीतली. घडीच्या रेघा तशाच, कडुनिंबाचा वास.

"माय, ती मावशीची साडी आहे!"

"मंग? थोरलीचं लुगडं धाकटीनं नेसलं तं काय होते?"

हा युक्तिवाद कुठल्याही कोर्टात टिकला असता.

विहारात रोशनीची सासू बाजूला सरकली आणि हळूच म्हणाली, "कोन वारलं वं बाई?"

"बहीण," माय म्हणाली.

"अरे बाप्पा. किती वर्साची होती?"

"दोन."

म्हातारीनं मायच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग कोणी न सांगता मायचा हात हातात घेऊन बसून राहिली. आमच्या वस्तीला सगळे खवचट म्हणतात, पण त्या वेळी कुणी चकार शब्द विचारला नाही.

भन्तेजींनी नाव विचारलं. माय मोठ्यानं म्हणाली, "धुरपता तानबा ताकसांडे." भन्तेजींनी ते माइकवर तसंच उच्चारलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी उभी होते. या वेळी मला कुणी बस म्हटलं नाही. तरी खांबाला टेकले. मेणबत्ती मायनं लावली. वाऱ्यानं विझली, परत लावली.

घरी येताना माय म्हणाली, "लिहून दे, पुन्नी, त्या पोट्टीले. मी मेली तं कोनाची सही घेशीन?"

गुरुवार, २० फेब्रुवारी

खून टाईप केले आहेत मी. हुंडाबळी, विहिरीत ढकललेल्या सुना, सगळं. हात कधी थांबला नाही. जज्ज म्हणायचे, थूल मॅडमची बोटं रडत नाहीत.

आज संपादकांसाठी कागद लावला आणि बोटांनी आपोआप टाईप केलं, 'प्रिय मावशी'.

कागद काढला. दुसरा लावला. परत तेच.

मग तिसऱ्यावर म्हटलं, होऊ दे, आणि पत्रच लिहिलं. शेवटचं. त्यात काय लिहिलं ते माझं आणि तिचं. मायला वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मायनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "पुन्ना वाच."

वाचलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज प्रतिज्ञापत्र रजिस्टर पोस्टानं गेलं, संपादकांच्या नावे. मयुरी पोस्टात सोबत होती. रांगेत उभी राहिली, मी बाकावर बसले. ती मावशी म्हणाली, मी टोकलं नाही. माफ केलेलं नाही, फक्त टोकलं नाही.

मूळ इंग्रजीत आहे. मायला कळावं म्हणून मराठी केलं, तेच इथं उतरवते.

"महोदय,

मी पौर्णिमा थूल, वय सत्तर, सेवानिवृत्त कोर्ट स्टेनो, राहणार वर्धा, प्रतिज्ञेवर सांगते, की आपल्या ग्रंथात ज्या मुलीला अनामिक म्हटलं आहे तिचं नाव धुरपता तानबा ताकसांडे. ती माझ्या आईची थोरली बहीण. आपल्या शहरात १९२४ साली लोकांना पाहण्यासाठी माझे आजी-आजोबा बसवले होते, त्यांच्याजवळ ती होती. ती त्याच वर्षी तिच्या आईच्या पदरात मरण पावली. तिच्या आईनं हे माझ्या आईला स्वतः सांगितलं. माझ्या आईची सही खाली आहे. ती मराठीत आहे, कारण तिला मराठी येतं.

१९६६ सालच्या माझ्या पत्रावरून आपण ही मुलगी दुसरी कोणी असावी असा निष्कर्ष काढला आहे. ते पत्र मी अकरा वर्षांची असताना लिहिलं. ती जिवंत आहे असं मला सांगण्यात आलं होतं, कारण ती मेली हे तिच्या आईला घरी सांगता आलं नाही. हे आपल्या शास्त्रात पुराव्याला बाधक असेल. आमच्यात याला कुळाची आठवण म्हणतात. ते पत्र खोटं नाही. ते उशिरा लिहिलं गेलं, एवढंच.

आपल्याकडे त्या दुपारी माग बंद राहिल्याची तक्रार शंभर वर्षं जपून ठेवलेली आहे, तक्रार करणाऱ्यांच्या नावासकट, असं कळतं. तेव्हा नाव जपायची आपली पद्धत आहे, जागाही आहे. मुलीचं नाव त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापावं. कबरीवर दगड बसवण्यासाठी कुठं अर्ज करायचा तेही कळवावं. अर्ज आम्ही करू.

उत्तर लेखी हवं. मयुरीमार्फत निरोप चालणार नाही, दूरध्वनी चालणार नाही. कागदावर, सहीनिशी, वरील पत्त्यावर, सोमवार, ३१ मार्च २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी, आमच्या घड्याळाप्रमाणे.

आपल्या शहराला मी नऊ वर्षांची असल्यापासून पत्रं लिहीत आले आहे. जिला लिहिली तिला उत्तर देता येत नव्हतं, हे मला आता समजलं आहे. आपल्याला येतं."